हरी नारायण आपटे : नायिकेचे 'मी' आणि नायकाचे 'मी'

उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपणांस
• हरी नारायण आपटे यांच्या जीवनातील महत्त्वाचे टप्पे सांगता येतील;
• आपटेपूर्व अद्भुतरम्य कादंबरीतील नायक आणि आपटे यांच्या सामाजिक कादंबरीतील नायक यांतील फरक स्पष्ट करता येईल;
• 'पण लक्षात कोण घेतो?' आणि 'मी' या दोन कादंबऱ्यांतील निवेदकांची तुलना करता येईल;
• एकच कथा दुसऱ्या पात्राच्या तोंडून सांगितल्यास तिच्या अर्थात कोणते बदल होतात, याचा विचार करता येईल.

प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण निवेदनपद्धतीचे प्रकार अभ्यासले. प्रथमपुरुषी निवेदन म्हणजे काय, त्याचे गुण व मर्यादा कोणत्या, हे आपण तेथे पाहिले. व्याख्या लक्षात ठेवणे तुलनेने सोपे असते. लेखकाला निवेदकाची निवड का करावी लागते आणि त्या निवडीमुळे कादंबरीचे काय होते, हे समजण्यास मात्र एखाद्या लेखकाच्या जीवनाकडे आणि त्याच्या काळाकडे पाहावे लागते. या दृष्टीने ह. ना. आपटे यांच्याइतके सोयीचे उदाहरण मराठीत क्वचितच सापडेल. त्यांनी एका कादंबरीत नायिकेला स्वतःची कहाणी स्वतः सांगावयास लावले आणि ती पूर्ण झाली त्याच वर्षी नायकाला बोलते करणारी दुसरी कादंबरी हाती घेतली. त्यांचे जीवन अभ्यासताना हे दोन 'मी' आपण सतत डोळ्यांसमोर ठेवणार आहोत.

बालपण आणि शिक्षण

हरी नारायण आपटे यांचा जन्म ८ मार्च १८६४ रोजी खानदेशातील पारोळा येथे झाला. आईचे छत्र लहानपणीच हरपले. त्यांच्या वाढीत चुलते महादेव चिमणाजी आपटे यांचा मोठा वाटा होता. महादेवराव हे मुंबईतील नामांकित वकील होते. हरिभाऊंचे आरंभीचे दिवस मुंबईत गेले. १८७८ मध्ये कुटुंब पुण्यास आले आणि पुढे पुणे हेच त्यांचे गाव झाले.

त्या वेळचे पुणे कसे होते, हे ध्यानात घेतल्याशिवाय हरिभाऊ समजत नाहीत. १८८० मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यू इंग्लिश स्कूल काढले. थोड्याच काळात आगरकरही तेथे शिकवू लागले. या शाळेत हरिभाऊ विद्यार्थी होते. १८८२ मध्ये चिपळूणकर अकाली वारले, तेव्हा या विद्यार्थ्याने 'शिष्यजनविलाप' नावाचे शोककाव्य रचले. पुढील वर्षी आगरकरांनी 'हॅम्लेट'चे भाषांतर 'विकारविलसित' या नावाने प्रसिद्ध केले, तर त्यावर याच विद्यार्थ्याने विस्तृत टीकालेख लिहिला. एका गुरूसाठी विलाप आणि दुसऱ्या गुरूच्या ग्रंथावर परखड परीक्षण, या दोन्ही गोष्टी वयाच्या विशीपूर्वी घडल्या. ज्यांच्याविषयी आदर वाटतो त्यांचेही लेखन तपासून पाहावे, ही वृत्ती त्या शाळेच्या वातावरणातूनच आली असावी.

महाविद्यालयात मात्र हरिभाऊंचे जमले नाही. वाचन अफाट होते; इंग्रजी कादंबरी आणि नाटक, संस्कृत काव्य यांत त्यांचे मन रमे. परंतु गणिताने त्यांना पुढे जाऊ दिले नाही आणि पदवी घेतल्यावाचूनच शिक्षण थांबले. आपणांपैकी अनेकांचे शिक्षण संसार, नोकरी किंवा एखाद्या विषयातील अपयश यांमुळे मध्येच थांबले असेल, म्हणून ही गोष्ट मुद्दाम नमूद केली आहे. १९१५ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या विल्सन भाषाशास्त्रीय व्याख्यानमालेत मराठी भाषेविषयी व्याख्याने देण्याचा मान याच पदवी नसलेल्या लेखकास मिळाला.

रूढीप्रमाणे १८७९ मध्ये, म्हणजे वयाच्या पंधराव्या वर्षी, त्यांचा विवाह झाला होता. विवाह हा त्या काळी वधूवरांच्या निवडीचा विषय नव्हता. तो घरातील वडीलधाऱ्यांचा निर्णय असे. पुढील विवेचनासाठी हा मुद्दा लक्षात ठेवावा.

आपटे यांच्यापूर्वीच्या कादंबरीतील नायक

बाबा पदमनजी यांची 'यमुनापर्यटन' ही कादंबरी १८५७ मध्ये आली. विधवांच्या दुःखाचा प्रश्न तिने मांडला. पण पुढील दोन-तीन दशकांत लोकप्रिय झाली ती वेगळ्याच धाटणीची कादंबरी. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची 'मुक्तामाला' (१८६१) आणि नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' (१८६८) ही त्या धाटणीची ठळक उदाहरणे होत. राजे, राजकन्या, कपटी प्रधान, ताटातूट, योगायोग आणि शेवटी पुनर्मीलन असा त्यांचा साचा होता.

या कथांतील नायकाकडे जरा निरखून पाहा. तो रूपवान, शूर आणि एकनिष्ठ असतो. संकटे त्याच्यावर बाहेरून कोसळतात आणि बाहेरूनच टळतात. आपण काय करावे, असा प्रश्न त्याला फारसा पडत नाही. कारण प्रेमिकेला मिळविणे हेच त्याचे एकमेव कार्य कथेने आधी ठरवून दिलेले असते. अशी कथा तृतीयपुरुषी निवेदकच सांगू शकतो. हाच नायक स्वतःच्या तोंडून बोलू लागला, तर त्याला स्वतःच्या गुणांचे वर्णन स्वतःच करावे लागेल आणि ते हास्यास्पद होईल. शिवाय त्याला सांगण्यासारखे अंतरंगही उरणार नाही. ज्याला कोणतीच निवड करावी लागली नाही, त्याच्या आत्मकथनात घटना येतील, पण झगडा येणार नाही. नायकाला 'मी' म्हणण्याचा अधिकार द्यावयाचा, तर प्रथम त्याला निर्णय घेण्याची वेळ आणावी लागते.

हरिभाऊंची पहिली कादंबरी 'मधली स्थिती' १८८५ मध्ये आली. रेनॉल्ड्स या इंग्रजी कादंबरीकाराचा आधार तिच्यामागे असला, तरी तिच्यातील गाव पुणेच होते. राजवाडे आणि अरण्ये सोडून कादंबरी पेठांतील वाड्यांत उतरली. अशा सामाजिक कथांना हरिभाऊ आजकालच्या गोष्टी म्हणत. या साध्या नावातच जुन्या अद्भुतरम्य परंपरेपासून घेतलेली फारकत दिसून येते.

'करमणूक' आणि यमूचे आत्मकथन

१८९० मध्ये हरिभाऊंनी 'करमणूक' हे साप्ताहिक सुरू केले आणि १९१७ पर्यंत ते चालविले. त्याच सुमारास पुण्यात 'केसरी' आणि आगरकरांचे 'सुधारक' यांमधून सामाजिक सुधारणेचा वाद कडाक्याने चालला होता. १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा झाला. विवाहित मुलीच्या संमतीची वयोमर्यादा दहावरून बारा वर्षांवर नेण्यावरून शहर दुभंगले. हा वाद पुरुष घालीत होते. ज्यांच्याविषयी तो चालला होता त्या मुलींचा आवाज त्यात जवळजवळ नव्हता. 'करमणूक' घराघरांतून वाचले जावे, असा हरिभाऊंचा प्रयत्न होता. वादाने जे साधत नव्हते ते गोष्टीने साधावे, ही त्यामागील दृष्टी होती.

१८९० ते १८९३ या काळात 'करमणूक'मधून 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी क्रमशः प्रसिद्ध झाली. तिची निवेदक यमू आहे. तिचे बालपण, मैत्रीण दुर्गी, लहान वयातील विवाह, सासरची करडी शिस्त, पती रघुनाथराव यांच्या प्रोत्साहनाने मिळालेली अक्षरांची गोडी आणि मुंबईतील सुखाचे थोडे दिवस असे सारे ती सांगते. पुढे पतीचे निधन होते, ती शंकरमामंजींच्या तावडीत सापडते आणि तिच्या इच्छेविरुद्ध तिचे केशवपन करण्यात येते. या आघातातून ती सावरत नाही.

येथे आपण एक विचारप्रयोग करू. ही कथा रघुनाथरावांच्या तोंडून सांगितली गेली असती, तर काय झाले असते? ते सुशिक्षित, प्रेमळ आणि सुधारक वृत्तीचे आहेत. पत्नीला शिकवावे, तिला सोबत घेऊन नव्या रीतीने संसार करावा, ही त्यांची धडपड आहे. त्यांच्या दृष्टीने पाहिल्यास ही एका सुंदर सहजीवनाची कथा आहे. घरातील विरोध, पत्नीची प्रगती, मुंबईतील स्वातंत्र्य यांचे वर्णन त्यांनी उत्साहाने केले असते. वाचकाला वाटले असते की, एका भल्या पुरुषाने मनावर घेतले म्हणजे स्त्रीचा प्रश्न सुटतो.

आणि मग त्यांचा मृत्यू झाल्याबरोबर कथा थांबली असती. यमूवर जो सर्वांत मोठा अन्याय होतो, तो रघुनाथरावांच्या मृत्यूनंतर होतो. नव्हे, त्यांच्या मृत्यूमुळेच होतो. नायकाच्या निवेदनात त्या अन्यायाला जागाच नाही. पतीच्या चांगुलपणावर आधारलेले पत्नीचे सुख पतीबरोबर संपते, हे सत्य सांगण्यासाठी त्याच्यामागे उरलेल्या व्यक्तीचाच 'मी' हवा. हरिभाऊंनी यमूला निवेदक केले, यात केवळ करुणरस वाढविण्याची युक्ती नाही. कादंबरीला जे सांगावयाचे होते ते दुसऱ्या कोणालाही सांगता आले नसते.

स्वयंअध्ययन प्रश्न
१. 'मंजुघोषा'सारख्या कादंबरीतील नायकास प्रथमपुरुषी निवेदक करणे का कठीण आहे?
२. रघुनाथराव निवेदक असते, तर यमूच्या कथेतील कोणता भाग वाचकापर्यंत पोहोचला नसता?

'मी' : भावानंदाचे आत्मकथन

१८९३ मध्ये 'करमणूक'मधून 'मी' ही कादंबरी सुरू झाली आणि १८९५ पर्यंत चालली. या वेळी बोलणारा पुरुष आहे. भाऊ नावाचा मुलगा मोठा होऊन भावानंद कसा झाला, ते तो स्वतःच सांगतो. बालपणीचे खेळ, घरातील बेबनाव, आईचे कष्ट, ताईच्या वैवाहिक जीवनातील दुःख, शिवरामपंतांचा संस्कार आणि सुंदरीविषयीचे प्रेम या टप्प्यांनी ही कथा पुढे सरकते. यातील बालपणाचे चित्रण मराठी कादंबरीतील अत्यंत जिवंत चित्रणांपैकी एक मानले जाते.

जुन्या अद्भुतरम्य कादंबरीशी या कथेची तुलना केली, तर तिचे वेगळेपण चटकन ध्यानात येते. येथे नायक आहे, प्रेमिका आहे, प्रेमही खरे आहे. कपटी प्रधानाने किंवा समुद्रातील वादळाने त्यांची ताटातूट झालेली नाही. नायक स्वतःच विवाहापासून दूर राहतो आणि देशकार्यास आयुष्य वाहून घेण्याचा निर्णय करतो. पुनर्मीलनाने संपणाऱ्या प्रेमकथेचा शेवटच येथे नायकाने बदलला आहे. तो असे का करतो, हे बाहेरचा निवेदक सांगू लागला असता, तर भावानंद एक तर देवमाणूस ठरला असता किंवा निष्ठुर. त्याच्याच तोंडून ऐकल्यामुळे आपल्याला त्याची ओढ आणि त्याची दृढता दोन्ही कळतात. निर्णय घेणाऱ्या माणसाला निर्णयाचा हिशेबही द्यावा लागतो. 'मी' ही कादंबरी म्हणजे असा हिशेब आहे.

आता दोन्ही आत्मकथने शेजारी ठेवून पाहा. यमूच्या कथेतील महत्त्वाची क्रियापदे इतरांची आहेत. तिला दिले जाते, नेले जाते, तिच्यावर लादले जाते. भावानंदाच्या कथेतील महत्त्वाची क्रियापदे त्याची स्वतःची आहेत. तो ठरवितो, सोडतो, स्वीकारतो. एकाच शहरात, एकाच दशकात, एकाच मध्यमवर्गीय ब्राह्मण समाजात वाढलेल्या स्त्री-पुरुषांच्या जीवनातील हे अंतर होय. संसाराचा त्याग करणे हे भावानंदासाठी ध्येय ठरू शकते, कारण संसार करणे वा न करणे त्याच्या हाती आहे. यमूचा संसार तिच्यापासून हिरावला जातो. तेथे त्यागाचा प्रश्नच उद्भवत नाही.

मात्र नायकाच्या निवेदनाची जी मर्यादा आपण रघुनाथरावांच्या बाबतीत पाहिली, ती भावानंदाच्या बाबतीतही नाहीशी होत नाही. सुंदरी आपल्याला कळते ती भावानंदाला जेवढी कळली तेवढीच. त्याच्या निर्णयाची किंमत तिलाही मोजावी लागते; पण तो निर्णय तिच्या मनात कसा उतरला, हे तिच्या शब्दांत येत नाही. येथे लेखकाची चूक काढण्याचे कारण नाही. प्रत्येक 'मी' काही दाखवितो आणि काही झाकतो. अभ्यासकाने दोन्ही बाजू पाहावयास हव्यात, आणि झाकलेल्या बाजूचा शोध अधिक चिकाटीने घ्यावयास हवा.

या कादंबरीचा काळाशी असलेला संबंधही महत्त्वाचा आहे. ज्या १८९३ मध्ये ती सुरू झाली त्याच वर्षी धोंडो केशव कर्वे यांनी विधवेशी विवाह केला आणि १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रमाची स्थापना केली. १९०५ मध्ये गोपाळ कृष्ण गोखले यांनी पुण्यात भारत सेवक समाज स्थापन केला. देशसेवेस वाहून घेतलेल्या कार्यकर्त्यांची कल्पना 'मी'मध्ये त्याच्या सुमारे दहा वर्षे आधी येऊन गेली होती, याकडे समीक्षकांनी लक्ष वेधले आहे. कादंबरीने ती संस्था घडविली, असा दावा करण्याचे कारण नाही. ज्या प्रश्नाचे उत्तर पुण्यातील तरुण शोधीत होते, तोच प्रश्न हरिभाऊंनी नायकाच्या मनात घातला, एवढे म्हणता येते.

लेखक, आनंदाश्रम आणि शहर

हरिभाऊ स्वतः भावानंदाच्या मार्गाने गेले नाहीत. पहिल्या पत्नीच्या निधनानंतर त्यांनी पुन्हा विवाह केला आणि गृहस्थाचे जीवन स्वीकारले. कादंबरीतील 'मी' म्हणजे लेखक, असे समजण्याची घाई विद्यार्थी पुष्कळदा करतात. हरिभाऊंच्या बाबतीत ती घाई तत्काळ उघडी पडते, कारण त्यांचा एक 'मी' स्त्री आहे आणि दुसरा विवाह नाकारणारा पुरुष.

त्यांचे कार्यक्षेत्र होते आनंदाश्रम. महादेवरावांनी पुण्यात ही संस्था स्थापन करून संस्कृत हस्तलिखितांचा संग्रह आणि ग्रंथांचे प्रकाशन यांसाठी आपले धन वेचले. १८९४ मध्ये ते निवर्तल्यावर संस्थेची जबाबदारी हरिभाऊंवर आली. बुधवार पेठेतील अप्पा बळवंत चौकाजवळ ही संस्था आजही उभी आहे. पुस्तके खरेदी करावयास त्या चौकात जाल, तेव्हा तिच्यासमोर क्षणभर थांबावे. जुन्या संस्कृत ग्रंथांच्या मुद्रणाची देखरेख आणि आजकालच्या गोष्टींचे लेखन ही दोन्ही कामे एकच माणूस करीत होता.

लेखनाचा वेग थक्क करणारा होता. 'उषःकाल' (१८९५-९७), 'गड आला पण सिंह गेला', 'सूर्योदय', 'वज्राघात' यांसारख्या ऐतिहासिक कादंबऱ्या सामाजिक कादंबऱ्यांच्या जोडीने चालल्या होत्या. साप्ताहिकाच्या दर अंकाला मजकूर द्यावा लागे. त्यामुळे कथानक लांबे, विषयांतरे येत आणि 'गणपतराव', 'आजच', 'कर्मयोग' यांसारख्या कृती अपूर्णच राहिल्या. त्यांच्या कादंबऱ्यांवर पाल्हाळाचा आक्षेप घेताना त्या कशा प्रसिद्ध होत होत्या, हे विसरू नये. लघुकथेचा पाया त्यांनी आपल्या स्फुट गोष्टींतून घातला. केशवसुतांच्या निधनानंतर त्यांच्या कविता संग्रहरूपाने प्रसिद्ध करण्याचे कार्यही त्यांनी केले.

ते केवळ लेखणीचे सुधारक राहिले नाहीत. प्लेगच्या कठीण दिवसांत त्यांनी नगरवासीयांची सेवा केली आणि पुढे पुणे नगरपालिकेचे अध्यक्षपद सांभाळले. १९१२ मध्ये अकोला येथे भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. ३ मार्च १९१९ रोजी, पंचावन्न वर्षे पूर्ण होण्यास काही दिवस उरले असताना, त्यांचे निधन झाले.

समारोप

हरी नारायण आपटे यांना आधुनिक मराठी कादंबरीचे जनक मानले जाते. वास्तववाद, सामाजिक आशय आणि बोलीच्या जवळ जाणारी भाषा ही त्याची नेहमी सांगितली जाणारी कारणे आहेत. या घटकात आपण आणखी एक कारण पाहिले. कथा कोण सांगतो, यावर कथेतील न्याय-अन्याय अवलंबून असतो, ही जाण त्यांच्या लेखनात दिसते. प्रेमकथेच्या नायकाला त्यांनी राजपुत्राच्या पोशाखातून बाहेर काढले, त्याच्यापुढे निवड ठेवली आणि मगच त्याला बोलू दिले. त्याआधी, जिला निवडच नव्हती तिला त्यांनी बोलू दिले होते. हा क्रम लक्षात ठेवून दोन्ही कादंबऱ्या वाचाव्यात.

आपण यापुढे कोणतीही प्रेमकथा वाचाल, तेव्हा ती मनातल्या मनात दुसऱ्या पात्राच्या तोंडून सांगून पाहावी. कथा कोठे थांबते आणि कोणाचे दुःख दिसेनासे होते, याची नोंद करावी. हा अभ्यास परीक्षेपुरता राहणार नाही. आपल्या घरातील आणि गावातील गोष्टी कोण सांगत आले आहे आणि कोण गप्प राहिले आहे, हेही त्यातून दिसू लागेल.

स्वाध्याय

१. यमू आणि भावानंद या दोन निवेदकांची तुलना सुमारे ३०० शब्दांत करा.
२. 'पण लक्षात कोण घेतो?' मधील मुंबईच्या वास्तव्याचा एखादा प्रसंग निवडून तो रघुनाथरावांच्या तोंडून सुमारे २०० शब्दांत लिहा. मूळ निवेदनातील कोणत्या गोष्टी आपल्या लेखनात येऊ शकल्या नाहीत, ते शेवटी नमूद करा.
३. 'मी' या कादंबरीतील भावानंदाचा निर्णय सुंदरीच्या दृष्टिकोनातून मांडा.
४. साप्ताहिकातून क्रमशः प्रसिद्धी होत असल्याचा आपटे यांच्या कादंबरीलेखनावर काय परिणाम झाला, ते सोदाहरण स्पष्ट करा.